हरकत नाय

दिनानाथ आला तेव्हा सगुणा घरापुढच्या तळ्यात बारकी मासळी टाकत होती. तळ्यात जिताडी होती. पावसाळ्यात खाडीतून आणलेली बोटभर पिल्लं जनू, तिचा नवरा, हौसेनं पोसायचा आणि ती हातभर झाली की पाहुणेरावळे आले म्हणजेच काढायचा. भाऊ बांधावरून येताना दिसला तशी सगुणाच्या मनात पहिलं हेच आलं, की आज जिताडं काढायला सांगावं. मग तिनं त्याचं तोंड बघितलं. त्याची लेक शांती गेल्यापासून तिनं दादाला हसताना पाहिलं नव्हतं. आज तो हसत होता.

"होतेय गो रेल्वे!" तो लांबूनच ओरडला. "ह्या खेपेला होतेय!"

शेवरखार हे गाव पेण तालुक्यात, अंबा खाडीच्या अंगाला. गावाची सगळी जमीन खाडीतून काढून घेतलेली, म्हणजे खार. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि दोहोंच्या मधे पूर्वजांनी घातलेला मातीचा बांध. बांधात एक उघाडी होती. दगडी मोरी आणि तिला लाकडी झडपा. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिथून खाडीत जायचं, भरतीला झडपा मिटायच्या आणि खारं पाणी बाहेर राहायचं. बांध आणि उघाडी धड असली की गाव धड. सगुणा लग्न होऊन आली ती आतल्या, कासूकडच्या गावातून. तिकडे पाण्याची अशी धास्ती नव्हती. पण इतकी वर्षं राहून आता तिलाही झोपेत भरतीचा आवाज कळायचा.

दिनानाथ तिचा थोरला भाऊ. उभी हयात एसटीत गेली, पेणच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाला. त्याला एकच मुलगी, शांती. ती रोह्याला औषधांच्या कंपनीत होती. सकाळी पॅसेंजरनं जायची; पण संध्याकाळची शिफ्ट सुटायची तेव्हा परतीची गाडी निघून गेलेली असायची आणि एसटी रात्रीशिवाय नसायची, मग चार-पाच पोरी मिळून जीप करायच्या. हायवेचं काम तेव्हा वर्षानुवर्षं रखडलेलं. इकडून वळवलेला रस्ता, तिकडे अर्धवट पूल. एका पावसाळी संध्याकाळी ती जीप अर्धवट पुलाच्या खड्ड्यात गेली. शांती तिथंच संपली.

जुन्या रुळांवर जादा गाड्यांना जागा नाही म्हणत, म्हणून त्यानंतर दिनानाथनं पेण ते रोहा लोकल गाड्यांच्या नव्या मार्गाचा ध्यास घेतला. प्रवासी समिती काढली, मुंबईच्या खेपा घातल्या, मंत्र्यासंत्र्यांच्या दारात उभा राहिला. मार्ग मंजूर होता, पण परवानगी मिळत नव्हती. एक खातं म्हणायचं आधी त्यांचं होऊ दे, ते म्हणायचं आधी ह्यांचं. घरी त्याची बायको कृष्णाबाई ताट वाढून बसायची आणि तो जेवतानाही कुठलं खातं कुठल्या मजल्यावर आहे ते सांगत राहायचा. लोक मागे हसायचे. सगुणा कधी हसली नाही. तिला वाटायचं, दादा परवानगीच्या मागे लागलाय तोवर उभा तरी आहे.

त्या दिवशी ओटीवर बसून, चहाचा घोट घ्यायच्या आधीच त्यानं सगळं सांगितलं. सरकारनं नवा नियम काढला होता. मोठ्या वाहतूक प्रकल्पांच्या सगळ्या परवानग्या आता एकाच टेबलावर. ठरल्या मुदतीत ज्या खात्यानं तोंड उघडलं नाही त्याची संमती धरून पुढं जायचं. गावोगावच्या सुनावण्याही आता नाहीत. सगळ्या गावांची मिळून एकच, पेणला, एकाच दिवशी.

"आणि मार्ग कुठून?" जनूनं विचारलं. तो जाळं विणता विणता ऐकत होता.

दिनानाथनं कप खाली ठेवला. "भावोजी, तेच सांगायला आलोय. डोंगराच्या अंगानं न्यायचा तर जंगलाची परवानगी. ती काय आपल्या हयातीत मिळत नाय. खार म्हणजे मालकीची जमीन, पटकन हातात येते. म्हणून..."

"म्हणून आमच्यावरून."

"तुमच्यावरून," दिनानाथ म्हणाला. मग घाईनं, "मोबदला चांगला हाय. सगळं आधी मिळणार."

जनूनं जाळं बाजूला ठेवलं आणि उठून तळ्याकडे गेला. सगुणानं भावाला पोळी आणि वालाचं बिरडं वाढलं. जिताड्याची आठवण कोणी काढली नाही.

*

गावात बैठक झाली. काळुरामनाना गावचे पंच, वयानं सगळ्यांत थोर. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि गावात ते सगळ्यांनाच पटलं. रेल्वेला नाही म्हणायचं नाही. आपलीही पोरं रोह्याला आणि पनवेलला जातात. पण रुळांसाठी मातीचा उंच भराव घालणार, तो खारीच्या ऐन मधून जाणार. पावसाचं पाणी उघाडीपर्यंत पोचायला त्याच्यात मोठमोठ्या मोऱ्या हव्यात. नकाशात दाखवलेत ते निव्वळ पाइप. एवढं एकच मागायचं, पण सुनावणीत मागायचं, म्हणजे ते नोंदलं जाईल.

"एका गावाला एकच माणूस बोलायचा हाय," नाना म्हणाले. "बाप्यांनी बोललं की साहेब लोक मधेच तोडतात. सगुणाला बोलू द्या. ती बचत गटात बोलते, तिला माईकचं भ्या नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जनूनंही. सगुणाला मनातून बरं वाटलं. तिनं चार दिवस स्वतःशीच म्हणून बघितलं: तांदूळ निवडताना, पाणी भरताना. साहेब, आमचा विरोध नाय, पण.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी दिनानाथ पुन्हा आला. ह्या वेळी हसत नव्हता.

"तू बोलणार हायस म्हणं."

"व्हय."

"नको बोलू, सगू."

ती झाडत होती ती थांबली. "दादा, आम्ही रेल्वे नको म्हणत नाय. मोऱ्या मोठ्या ठेवा, येवढंच."

"येवढंच कधी येवढंच नसतं. मोऱ्या बदलल्या की नकाशा बदलला, नकाशा बदलला की परवानगी नवी. मग पुन्हा ह्या टेबलावरून त्या टेबलावर. मी बघितलंय गो. आयुष्य गेलं माझं बघण्यात. आता पहिल्यांदा सगळे एका जागी बसलेत. एका गावानं हरकत नोंदवली की बाकीच्यांना तोंड फुटेल. एकाला पूल हवा, एकाला स्टेशन हवं. उठेल तो काय तरी मागेल."

"आणि पाणी तुंबलं तर?"

"नंतर मोऱ्या पाडून घेऊ. मी स्वतः पाठपुरावा करीन. शांतीची शप्पथ."

"तिला नको मधे आणू," सगुणा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आमच्या बी पोटाचा सवाल हाय. भाताचं शेत एकदा खारवलं की वर्षानुवर्षं तिथं काय येत नाय, ठाव हाय ना तुला?"

दिनानाथ ओटीच्या कडेला बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिला. तसाच म्हणाला, "स्टँडवर होतो ना, तेव्हा रोह्याची प्रत्येक गाडी मी माईकवरून पुकारायचो. वेळेच्या आधी एकसुद्धा गाडी सोडली नाय, उशिरा सुटू दिली नाय. आणि माझ्या पोरीला घरी यायला गाडी नव्हती." मग उठला आणि निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

*

सुनावणी पेणच्या एका मंगल कार्यालयात होती. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी गणपतीचे कारखाने, दारात रंग न लावलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीनं वाळत ठेवलेल्या. आत लग्नाच्या खुर्च्या, आणि नवरा-नवरीच्या कोचाच्या जागी लांब टेबल. टेबलामागे प्रकल्पाचे अधिकारी हैबतराव, चाळिशीचे, थकलेले, बोलायला सभ्य. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की गावं पुष्कळ आहेत आणि संध्याकाळपर्यंत संपवायचंय, तर प्रत्येकानं थोडक्यात बोलावं.

दिनानाथ पहिल्या रांगेत बसला होता, धुवट पांढऱ्या शर्टात. समितीचे आणखी दोघं-तिघं होते. शेवरखारची माणसं मागे उभी होती. बायकांच्या बाजूला कृष्णाबाई दिसली तशी सगुणा तिच्याजवळ जाऊन बसली. वहिनी सहसा घराबाहेर पडायची नाही. तिनं सगुणाचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

गावं एकेक करून होत होती. कोणी म्हणालं मोबदला वाढवा, कोणी म्हणालं आमच्या देवळाची जागा वगळा. हैबतराव लिहून घेत होते, मान हलवत होते. पंखे गरम हवा फिरवत होते.

"सगुणाबाय," कृष्णाबाई अगदी हळू म्हणाली, "तू काय बोलणार ते मी विचारत नाय. तुझं घर, तुझी शेती. पण सांगते. हे परवा विहिरीच्या काठावर बसले होते. मी हाक मारली तर म्हणाले, बघतोय पाणी किती हाय. आमच्या विहिरीचं पाणी ते कधी बघत नाय गो."

सगुणानं वहिनीकडे पाहिलं. कृष्णाबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती समोर, नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती.

"ह्यांना ह्यातलं काय तरी मिळू दे," ती म्हणाली. "नायतर माझ्याकडं काय उरतंय?"

"शेवरखार!" टेबलावरून पुकारा झाला.

सगुणा उठली. माईक हातात आला. समोर दादाचं डोकं होतं. मागून केस विरळ झालेले, मानेची शीर ताठ. तो मागे वळून बघत नव्हता. वळला असता, विनवलं असतं, हात जोडले असते, तर ती बोलली असती. नंतर कितीदा तरी तिला असं वाटलं. पण तो वळला नाही. त्यानं फक्त मान खाली घातली, जणू काठी पाठीवर पडायची वाट बघत होता.

"बोला बाई," हैबतराव म्हणाले. "काही हरकत?"

चार दिवस घोकलेलं सगळं तिच्या ओठावर होतं.

"रेल्वे झाली पायजे," ती म्हणाली. "आमची हरकत नाय."

मागून काळुरामनाना ओरडले, "थांबा, थांबा साहेब! तिला बोलायचं हाय, मोऱ्यांचं..."

"एका गावाला एकच वक्ता ठरलाय, आजोबा," हैबतराव नरमपणे म्हणाले. त्यांनी पेन हातात धरून सगुणाकडे पुन्हा एकदा पाहिलं, थोडं थांबले. ती माईक देऊन खाली बसली होती. त्यांनी पुढच्या गावाचं नाव घेतलं.

परतीच्या टमटममधे जनू पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. गावात उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "भावासाठी केलंस, ते कळतंय मला." पण त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

*

परवानगी मिळायला जितकी वर्षं गेली होती तितके आठवडेही काम सुरू व्हायला लागले नाहीत. पेणला पेढे वाटले गेले. दिनानाथचा फोटो स्थानिक पेपरात आला. मोबदला वेळेवर आला, त्याबद्दल कोणाला बोलायला जागा नव्हती. भात कापणीला आलं होतं, ते कापायची मुदत मात्र मिळाली नाही. पोकलेन आले आणि पिकल्या शेतातून गेले.

सगुणाचं घर मार्गात होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी पत्र्याची शेड उभारली. तळं बुजवायच्या आधी जनूनं सगळी जिताडी काढली आणि घरोघरी वाटली. जी घरं सगुणाशी बोलत नव्हती त्यांनीही ती घेतली; मासे काय कोणाचे दुष्मन नसतात. काळुरामनानांनी मात्र परत पाठवलं.

भराव वाढत गेला. बघता बघता खारीच्या मधोमध लाल मातीची भिंत उभी राहिली. अलीकडून पलीकडचं दिसेनासं झालं. डंपर आत यायला बांध एका ठिकाणी कापला होता, तो पावसाच्या तोंडावर मुरूम टाकून बुजवला. जनू जाऊन बघून आला. "चिखलाचा बांध चिखलानं सांधतात," तो म्हणाला. "मुरूम काय धरणार?" दिनानाथला निरोप गेला. दिनानाथ साइटवर जाऊन भांडला, मुकादमानं करतो म्हटलं. दिनानाथ पुन्हा गेला. मुकादम बदलला होता.

पाऊस लागला तसं पाणी भरावाला येऊन थांबलं. पाइप होते, पण त्यांच्यात गवत आणि गाळ अडकला. तरी लोकांनी लावणी केली. गुडघाभर पाण्यात, जिथं जमेल तिथं. उघाडी पलीकडे रिकामी उघडझाप करत होती, तिच्यापर्यंत पाणी जातच नव्हतं.

आषाढाची अमावास्या. उधाणाची भरती भर दुपारी असते. सगुणा शेडमधे भाकऱ्या थापत होती, तेवढ्यात बोंब उठली, "खांड गेली! खांड गेली रे!"

खांड जाणं म्हणजे बांध फुटणं. गावात ही आरोळी झाली की जेवता माणूस ताटावरून उठतो. कोणी पेंढा उचलला, कोणी फावडी, कोणी घराची दारं. सगळे धावले, आणि भरावापाशी अडले. पूर्वी शेताच्या बांधावरून सरळ पोचता यायचं, आता मधे ती भिंत. पाऊस पिऊन माती लोण्यासारखी झालेली. चढायचं की घसरायचं. बायकांनी पदर खोचले, एकमेकींना हात देत वर ओढलं. पलीकडे पोचेपर्यंत मुरूम टाकलेली सगळी जागा वाहून गेली होती. खाडी आत येत होती. मोठा आवाज नव्हता, नुसता एक जाड, गढूळ लोट, थांबायचं नाव न घेणारा.

पुरुष खांदा लावून लोटात उभे राहिले. बायका ओळीनं चिखलाची ढेकळं पुढं देत होत्या, वरून पेंढा. सगुणाच्या एका बाजूला काळुरामनानांची सून सीताबाई होती. सुनावणीपासून ती सगुणाशी बोलली नव्हती. आताही बोलली नाही, पण ढेकूळ घेत होती आणि देत होती. नाना म्हातारे असून कमरेइतक्या पाण्यात उतरले. एकदा त्यांचा पाय सुटला, जनूनं त्यांना बखोटीला धरून ओढलं. भरती चढत गेली. लोट छातीला आला तेव्हा जनूनंच ओरडून सगळ्यांना वर घेतलं.

मग कोणी काही केलं नाही. सगळे बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर उभे राहून बघत होते. हिरवी रोपं आधी वाकली, मग दिसेनाशी झाली. काळुरामनाना चिखलानं माखलेले, धापा टाकत बसले होते. त्यांनी मान वर करून सगुणाकडे पाहिलं. ती वाट बघत राहिली, शिवी देतील, थुंकतील. त्यांनी नजर काढून घेतली आणि सुनेला म्हणाले, "चल, घर बघू काय उरलंय."

*

पावसाळा संपला तरी मशिनं परत आली नाहीत. कोणी पर्यावरणवाली संस्था कोर्टात गेली होती. कोर्टानं विचारलं, खाडीच्या पाण्याचा अभ्यास कधी केला? तो केलाच नव्हता; मुदतीत बसत नव्हता. कोर्टानं परवानगी रद्द केली. सगळं पहिल्यापासून करा म्हणाले.

खांड तशीच होती. रोज दोनदा खाडी आत येऊन जात होती. सगुणा ऑफिसं हिंडू लागली. तिला वाटत होतं, आपण बोललो नाही, तर आता निदान चालावं. बांधाचं काम बघणाऱ्या खात्यातले लोक म्हणाले, जमीन आता प्रकल्पाची आहे, आम्हाला हात लावता येत नाही. प्रकल्पवाले म्हणाले, कोर्टाची बंदी आहे, एक पाटी माती टाकता येत नाही. दिनानाथ बरोबर यायचा. ज्या जिन्यांवरून तो शांतीसाठी चढला होता, त्याच जिन्यांवरून आता बहिणीसाठी चढत होता, आणि प्रत्येक मजल्यावर त्याला दम लागायचा.

हैबतरावांची बदली अलिबागला झाली होती. सगुणा एकटीच तिथं गेली. त्यांनी तिला लगेच ओळखलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"मला काही करता येणार नाही, बाई," सगळं ऐकून ते म्हणाले. "माझ्याकडे तो विषयच नाही आता." ती उठली तशी ते जरा अडखळले. "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? ते पाइप कमी पडणार हे मला दिसत होतं. पण वरून सांगितलेलं, हरकत असेल तरच बदल. एका गावानं तोंडी जरी म्हटलं असतं तरी मी मोऱ्या लिहून टाकल्या असत्या. तुमच्या गावाची मी वाट बघत होतो."

सगुणाला त्यांचं ते पेन धरून थांबणं आठवलं. हे खरं बोलतायत की स्वतःचं ओझं आपल्या डोक्यावर ठेवतायत, तिला कळेना. खरं असलं तरी आता त्याचं काय करायचं होतं?

"तुमाला दिसत होतं, तर तुमीच का नाय लिवलंत?" तिनं विचारलं.

हैबतरावांनी टेबलावरची काच हातानं पुसली. ती निघाली.

हे तिनं दिनानाथला कधीच सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर खारवलेल्या शेतांत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. आधी बोटभर, मग कमरेएवढी. काळुरामनाना म्हणाले, कोणी बांधत नाय तर आपण बांधू, आपल्या बापजाद्यांनी काय कोणाला विचारून बांधला? लोक कोयते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस आला. तिवराच्या झाडाला हात लावायचा नाही, गुन्हा आहे. बांध घालायचा तर तिवरं तोडावी लागतात, तिवरं तोडायची तर परवानगी लागते.

"किती दिवसांत मिळते?" जनूनं विचारलं.

तो माणूस भला होता. म्हणाला, "खोटं कशाला सांगू."

त्या वर्षी गाव उठायला लागलं. कोणी हमरापूर-जोह्याला गणपतीच्या कारखान्यात गेले, कोणी पनवेलला. काळुरामनाना गेले नाहीत. शिमग्याच्या आधी घरातच वारले. सगुणा आणि जनू रोह्याला आले. जनूला एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली. गणवेशाची टोपी त्याला मोठी व्हायची, आत कागद दुमडून घालायचा.

*

रोह्याच्या खोलीवर दिनानाथ आला तेव्हा दुपार होती. तो फार खंगला होता. कृष्णाबाईच्या हातचे वालाचे दाणे त्यानं पिशवीतून काढून दिले.

"नवी आखणी आलीय," तो म्हणाला. "डोंगराच्या अंगानं. सुनावणी पुन्हा घेणार हायत, ह्या वेळी नीट, सगळ्यांचं ऐकून घेणार. सगू, तू ये. तुला जे बोलायचं होतं ते सगळं बोल. मी तुझ्या बाजूला उभा राहीन."

"कुठल्या गावाचं नाव सांगून बोलू, दादा?"

 त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो काहीतरी बोलायला तोंड उघडतोय असं दिसताच सगुणा म्हणाली, "जेव आधी." त्याची माफी तिला ऐकायची नव्हती. ऐकली असती तर मग तिला तिची स्वतःची सांगावी लागली असती, आणि ती कोणाला सांगणार? नाना गेले होते.

जनू शिफ्टवरून आला. मेहुण्याला बघून दारात थबकला, मग हातपाय धुवून त्याच्याशेजारी पाटावर बसला. सुनावणीनंतर तो दिनानाथशी एक शब्द बोलला नव्हता. दोघं खाली मान घालून जेवत होते. अर्ध्या जेवणात जनूनं विचारलं, "डोंगराच्या अंगानं म्हणजे कुठून?"

दिनानाथनं गावांची नावं घेतली.

"तिथं आदिवासी ठाकरांच्या वाड्या हायत."

"हायत."

"त्यांना कोण सांगणार?"

"समितीनं मला सांगितलंय जायला," दिनानाथ म्हणाला. "उद्या जातोय."

"काय सांगणार त्यांना?"

दिनानाथचा घास हातातच राहिला. "ठाव नाय, भावोजी," तो म्हणाला. "खरंच ठाव नाय."

"मग नका जाऊ."

"नाय गेलो तर घरात बसून काय करू?"

 जनूनं मेहुण्याच्या ताटात भात वाढला, आणि सगुणाला आमटी घालायची खूण केली.

संध्याकाळच्या पॅसेंजरला सगुणा त्याला पोचवायला स्टेशनवर गेली. गाडीला उशीर होता, म्हणून शिफ्ट सुटलेल्यांनाही ती आज मिळणार होती. फलाटावर कंपन्यांतून सुटलेल्या पोरी घोळक्यानं उभ्या होत्या, मोबाइल बघत, हसत. दिनानाथ त्यांच्याकडे पाठ करून बाकावर बसला.  मधेच त्यानं विचारलं, भावोजींना रात्रपाळी असते का. ती म्हणाली, आठवड्याआड. गाडी आली तेव्हा त्याला पायरी चढवेना. तिनं दंडाला धरून त्याला वर चढवलं आणि पिशवी हातात दिली.

गाडी गेल्यावर ती खोलीकडे चालू लागली. स्टेशनबाहेर रिक्षावाले ओरडत होते, भाजीवाल्या आवरत होत्या. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं नाही. रोह्यात तिला ओळखणारं कोणी नव्हतंच.